ठरावीक हप्ता, बदलता भाव

मंगरूळपीर तालुक्यात घरात पैसा येण्याच्या दोन तऱ्हा आहेत. शिक्षक, आरोग्य सेविका, टपाल कर्मचारी यांच्या घरी तो महिन्याच्या आरंभी येतो. शेतकऱ्याच्या घरी तो सोयाबीनबरोबर दसरा-दिवाळीच्या सुमारास आणि तुरीबरोबर संक्रांतीनंतर येतो. मधले महिने पीककर्जावर आणि उसनवारीवर निघतात. बचतीविषयी लिहिणारे बहुधा पहिल्या तऱ्हेचे कुटुंब डोळ्यांपुढे ठेवून लिहितात व तोच उपदेश दुसऱ्या तऱ्हेच्या कुटुंबास जसाच्या तसा लागू करतात. दरमहा ठरावीक रकमेची गुंतवणूक करून बाजारातील चढउतारांची सरासरी साधण्याची जी पद्धत आज सर्वत्र प्रचारात आहे, तिच्याबाबतीतही हेच घडत आहे. ‘दरमहा भरत राहा, नुकसान होतच नाही’ असे वाक्य आता गावोगावी ऐकू येऊ लागले आहे. पद्धत चांगली आहे. वाक्य मात्र खरे नाही. ते कोठे खरे ठरते व कोठे खोटे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हप्त्याने बचत करणे आपल्याकडे नवे नाही. टपाल खात्याची पाच वर्षांची आवर्ती ठेव दोन पिढ्यांच्या परिचयाची आहे. १९७२ मध्ये सुरू झालेल्या महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेतील प्रतिनिधी भगिनी घरोघरी जाऊन तिचे हप्ते गोळा करीत आल्या आहेत. एके काळी शाळांतून चालणाऱ्या संचयिकेने मुलांच्या हातालाही हीच सवय लावली होती. आवर्ती ठेवीत खाते उघडताना जो व्याजदर असतो तोच पाच वर्षे टिकतो. म्हणून कोणत्या महिन्यात भरलेला हप्ता स्वस्त पडला आणि कोणता महाग, असा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. म्युच्युअल फंडाच्या युनिटाची गोष्ट निराळी. हप्ता तोच असला तरी त्या हप्त्यात पदरात पडणाऱ्या युनिटांची संख्या दर महिन्यास बदलते.

हिशेब

वर्गात फळ्यावर दाखविता येईल असे उदाहरण घेऊ. एक गृहिणी दरमहा दोनशे रुपयांचीच तूरडाळ घेते. पहिल्या महिन्यात भाव किलोस १०० रुपये होता. तिला दोन किलो डाळ मिळाली. दुसऱ्या महिन्यात भाव २०० रुपये झाला. तिला एक किलो मिळाली. दोन महिन्यांतील भावांची सरासरी १५० रुपये. परंतु तिने ४०० रुपयांत तीन किलो डाळ घेतली, म्हणजे तिला ती किलोस १३३ रुपये ३३ पैशांस पडली. यात चमत्कार कोणताच नाही. रक्कम कायम असल्यामुळे स्वस्ताईत वस्तू आपोआप अधिक आली आणि महागाईत कमी. गणिताच्या परिभाषेत बोलायचे तर तिचा सरासरी खर्च हा भावांचा हरात्मक मध्य होय, आणि भाव जोपर्यंत बदलत आहेत तोपर्यंत हरात्मक मध्य हा अंकगणितीय मध्यापेक्षा कमीच असतो.

आता डाळीच्या जागी युनिट ठेवू. एका शिक्षिकेने दरमहा हजार रुपये गुंतविले. सहा महिन्यांत युनिटाचा भाव अनुक्रमे २०, १६, १०, १२.५०, १६ व २० रुपये असा राहिला. तिला ५०, ६२.५, १००, ८०, ६२.५ व ५०, अशी एकूण ४०५ युनिटे मिळाली. भावांची सरासरी १५ रुपये ७५ पैसे, तिचा खर्च युनिटास सुमारे १४ रुपये ८१ पैसे. अखेरीस भाव जेथून निघाला तेथेच, म्हणजे २० रुपयांवर परत आला. तरीही तिच्या सहा हजारांचे ८,१०० रुपये झाले. पहिल्याच दिवशी सहा हजार एकरकमी गुंतविणाऱ्याचे सहा हजारच राहिले. या पद्धतीची जाहिरात करणारे जे तक्ते दाखवितात ते बहुधा याच आकाराचे असतात: भाव खाली गेला आणि वर आला.

परंतु भाव २० वरून १६, १२.५० आणि १० असा उतरला व तेथेच राहिला तर? चार हप्त्यांत २९२.५ युनिटे मिळतील. सरासरी भाव सुमारे १४ रुपये ६३ पैसे, सरासरी खर्च सुमारे १३ रुपये ६८ पैसे. म्हणजे नियम येथेही पाळला गेला. मात्र चार हजार रुपयांचे हाती आले २,९२५. खर्च सरासरीपेक्षा कमी असणे आणि नफा होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शेवटी विकतेवेळी भाव काय असेल, यावर सारे अवलंबून असते, आणि त्याची हमी कोणतीही सरासरी देऊ शकत नाही.

उलट, भाव १०, १२.५०, १६ आणि २० असा चढत गेला तर हप्त्याने भरणाऱ्यास तीच २९२.५ युनिटे मिळून चार हजारांचे ५,८५० रुपये होतील; आरंभीच चार हजार गुंतविणाऱ्याचे आठ हजार होतील. चढत्या बाजारात थांबणाऱ्याचे नुकसान होते ते असे. निवृत्तीच्या वेळी उपदानाची किंवा जमिनीच्या मोबदल्याची मोठी रक्कम ज्याच्या हाती आली आहे, त्याने ती एकदम गुंतवावी की हप्त्याहप्त्याने, हा प्रश्न अभ्यासकांनीही तपासला आहे. जॉर्ज कॉन्स्टँटिनिडिस यांनी १९७९ मध्येच या पद्धतीच्या तर्कातील त्रुटी दाखविली होती. अमेरिकेतील व्हॅनगार्ड या संस्थेने २०१२ मध्ये अमेरिका, ब्रिटन व ऑस्ट्रेलिया या तीन देशांच्या बाजारांचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश वेळा एकरकमी गुंतवणूकच सरस ठरल्याचे आढळून आले. उरलेल्या एक तृतीयांश वेळांची भीती मनात असते म्हणून माणूस हप्ते पाडतो. ही भीती अवास्तव नाही. तिची किंमत मोजावी लागते, इतकेच. पगारदारापुढे मात्र हा वाद उपस्थितच होत नाही. त्याच्याकडे एकरकमी पैसा नसतो. महिन्याला जे शिल्लक राहते ते त्या महिन्यात गुंतविणे, एवढाच मार्ग त्याला मोकळा असतो.

पद्धत आली कोठून

अमेरिकेत या पद्धतीस डॉलरच्या नावाने ओळखतात. बेंजामिन ग्रॅहम यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द इंटेलिजंट इन्व्हेस्टर’ या ग्रंथात सामान्य गुंतवणूकदारासाठी तिची शिफारस केली. न्यूयॉर्कच्या शेअरबाजाराने १९५४ मध्ये दरमहा भरण्याची योजनाही काढली. आपल्याकडे १ फेब्रुवारी १९६४ रोजी युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाचे कार्य सुरू झाले आणि १९७१ मध्ये ट्रस्टने विम्याची जोड असलेली युनिट योजना आणली. दहा-पंधरा वर्षे ठरावीक वर्गणी भरून युनिटे घेत जाण्याची ती योजना ही आजच्या मासिक हप्ता योजनेची, म्हणजे एसआयपीची, आपल्या देशातील पूर्वज मानता येईल. आज या हप्त्यांचा ओघ प्रचंड आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये देशभरातून एका महिन्यात या मार्गाने जमा झालेली रक्कम प्रथमच २५ हजार कोटी रुपयांच्या वर गेली.

युनिट ट्रस्टचे नाव निघाले की युनिट-६४ ची आठवण अपरिहार्य आहे. महाराष्ट्रातील असंख्य शिक्षकांनी व निवृत्त कर्मचाऱ्यांनी ती युनिटे बँकेतील ठेवीइतकीच निर्धोक मानून घेतली होती. या योजनेतील विक्रीची व पुनर्खरेदीची किंमत ट्रस्ट स्वतः ठरवीत असे. योजनेपाशी असलेल्या मालमत्तेच्या बाजारमूल्याशी ती दररोज बांधलेली नव्हती. जाहीर किंमत आणि खरे मूल्य यांत अंतर पडत गेले. जुलै २००१ मध्ये विक्री व पुनर्खरेदी सहा महिन्यांसाठी थांबविण्यात आली, आणि २००३ मध्ये ट्रस्टचे विभाजन झाले. ज्याने वर्षानुवर्षे नेमाने युनिटे घेतली त्यानेही ती खऱ्या भावाने घेतली नव्हती. हप्त्याचा नेम कितीही कडक असला तरी तराजू खरा हवा. आज खुल्या योजनांचे निव्वळ मालमत्ता मूल्य कामकाजाच्या प्रत्येक दिवशी प्रसिद्ध करावे लागते. सामान्य माणसाच्या दृष्टीने ही सुधारणा कोणत्याही योजनेपेक्षा मोठी आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

सरासरीचे कवच पातळ होत जाते

या पद्धतीची एक मर्यादा क्वचितच सांगितली जाते. पहिल्या वर्षी भरलेला बारावा हप्ता हा एकूण गुंतवणुकीचा बारावा हिस्सा असतो. त्या महिन्यात भाव कोसळला तर स्वस्तात मिळणाऱ्या युनिटांचे प्रमाण लक्षणीय असते. वीस वर्षांनंतर भरलेला दोनशे एकेचाळिसावा हप्ता हा साठलेल्या राशीपुढे चिमूटभर असतो. त्या महिन्यात बाजार कोसळला तर सारी रास कोसळते आणि नव्या हप्त्याची स्वस्ताई तिला सावरू शकत नाही. सरासरी ही खरेदीची असते. घेऊन ठेवलेल्या मालास तिचे संरक्षण नसते.

८ जानेवारी २००८ रोजी मुंबई शेअरबाजाराचा निर्देशांक २०,८७३ वर बंद झाला होता. ९ मार्च २००९ रोजी तो ८,१६० वर आला. चौदा महिन्यांत साठ टक्क्यांहून अधिक घसरण झाली. ५ नोव्हेंबर २०१० रोजी तो पुन्हा २१ हजारांच्या वर बंद झाला. नोकरीच्या आरंभी असलेल्या व हप्ते चालू ठेवणाऱ्या तरुणास हा काळ लाभदायक ठरला. मार्च २००९ मध्ये मुलीच्या लग्नासाठी किंवा घरासाठी ज्याला पैसे काढणे भाग होते, त्याने नेम तितकाच पाळलेला असूनही त्याला तोटा सोसावा लागला. आणि बाजार दोन-तीन वर्षांत सावरतोच असेही नाही. जपानचा निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९ अखेर ज्या उंचीवर होता ती त्याने पुन्हा ओलांडली फेब्रुवारी २०२४ मध्ये.

म्हणून ज्या पैशाची गरज पाच-सात वर्षांत पडणार आहे, तो पैसा या मार्गाने जाऊ नये. त्यासाठी आवर्ती ठेव आहेच. दूरच्या गरजेसाठी साठविलेली रास देखील गरज जवळ येऊ लागताच तीन-चार वर्षे आधीपासून टप्प्याटप्प्याने स्थिर ठेवींत हलवावी लागते. हे हलविणे कंटाळवाणे असते आणि बाजार चढत असताना ते मूर्खपणाचे वाटते. म्हणूनच बहुतेकजण ते करीत नाहीत.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करावयास हवा. एखाद्या कंपनीचा शेअर पडत चालला असता ‘सरासरी खाली आणण्यासाठी’ तोच आणखी घेत जाणे म्हणजे ही पद्धत नव्हे. संपूर्ण बाजार शून्यावर जात नाही, कंपनी जाऊ शकते. याची साक्ष मुंबईने फार पूर्वी पाहिली आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला, त्या पैशावर मुंबईत कंपन्यांचे पेव फुटले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच त्यांतील कित्येक कंपन्या नामशेष झाल्या. कापूस वऱ्हाडचाही होता; बुडालेले शेअर मात्र मुंबईचे.

जे आधीच या मार्गावर आहेत

१ नोव्हेंबर २००५ रोजी व त्यानंतर राज्य शासनाच्या किंवा जिल्हा परिषदेच्या सेवेत आलेल्या ज्या कर्मचाऱ्यांचे खाते राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत आहे, त्यांतील अनेकांना आपण ही पद्धत दरमहा आचरीत आहोत याची कल्पना नसते. मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या १० टक्के अंशदान कर्मचाऱ्याचे व १४ टक्के शासनाचे. ही रक्कम दरमहा युनिटांत रूपांतरित होते आणि युनिटाचा भाव रोज बदलतो. शासकीय कर्मचाऱ्यांच्या नेहमीच्या योजनेत शेअरमधील गुंतवणूक मर्यादित असते व उरलेला मोठा भाग प्रामुख्याने रोख्यांत जातो. त्यामुळे भावातील हेलकावे लहान असतात आणि सरासरीचा लाभही लहान असतो.

या ठिकाणी आहरण व संवितरण अधिकाऱ्यांनी एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. युनिटे मिळतात ती वेतनातून वर्गणी कापली गेल्याच्या दिवसाच्या भावाने नव्हे, तर ती रक्कम प्रत्यक्ष गुंतविली गेल्याच्या दिवसाच्या भावाने. चार महिन्यांचे विवरण एकत्र पाठविले गेले तर चार भावांची सरासरी होत नाही. सर्व रक्कम एकाच भावाने गुंतविली जाते व मधल्या काळातील वाढ कर्मचाऱ्याच्या खात्यात येत नाही. कार्यालयाच्या दृष्टीने तो विलंब असतो; कर्मचाऱ्याच्या दृष्टीने ते निवृत्तिवेतन असते. कर्मचाऱ्यांनीही आपले वार्षिक विवरणपत्र वेतनचिठ्ठ्यांशी ताडून पाहावे आणि बारा हप्त्यांच्या बारा नोंदी आहेत किंवा नाहीत याची खात्री करावी.

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये शासकीय कर्मचाऱ्यास शेअरमध्ये सट्टा करण्यास मनाई आहे व वारंवार खरेदी-विक्री करणे हा सट्टा समजला जातो. दररोज भाव पाहून घेणे-विकणे आणि दरमहा ठरावीक रक्कम दीर्घकाळ गुंतविणे, यांतील भेद या नियमामागील हेतूशी ताडून पाहण्याजोगा आहे. पंचायत सदस्यांसाठी इतकेच सांगणे पुरे की, येथील सर्व विवेचन व्यक्तीच्या स्वतःच्या बचतीपुरते आहे. ग्रामनिधी कोठे ठेवावा याचे नियम स्वतंत्र आहेत, आणि बचत गटातील भगिनींच्या सामाईक पैशाशी असा प्रयोग कोणी करू नये.

उलट दिशेने चालणारे गणित

आता दुसऱ्या तऱ्हेच्या घराकडे वळू. शेतकरी बाजारात विकत घेण्यास नव्हे, विकण्यास जातो. तेथे हेच गणित त्याच्या विरुद्ध चालते.

समजा, एका कुटुंबास हंगामानंतर चार वेळा वीस-वीस हजार रुपये लागले: मजुरीची देणी, मुलाचे शुल्क, औषधपाणी, रब्बीची पेरणी. जितकी गरज तितकेच सोयाबीन बाजार समितीत नेले. भाव अनुक्रमे क्विंटलला ४,०००, ५,०००, ४,००० व ५,००० रुपये मिळाला. त्याला ५, ४, ५ व ४ असे अठरा क्विंटल सोयाबीन विकावे लागले आणि ८० हजार रुपये आले. तेच अठरा क्विंटल त्याने प्रत्येक वेळी साडेचार क्विंटल या प्रमाणात विकले असते तर ८१ हजार रुपये आले असते. येथे फरक हजाराचा दिसतो; भावांतील अंतर वाढले की तो वाढतो. ठरावीक रकमेसाठी विकणारा स्वस्ताईत अधिक माल देतो व महागाईत कमी. डाळ घेणाऱ्या गृहिणीला ज्या हरात्मक मध्याने साथ दिली, त्यानेच या शेतकऱ्याला दगा दिला.

सोयाबीनच्या भावांतील अंतर किती पडू शकते हे या भागाने अनुभवले आहे. २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये विदर्भातील बाजारांत क्विंटलचा भाव दहा हजारांच्या घरात गेला होता. त्या वेळी माल किती जणांच्या घरी शिल्लक होता, हा प्रश्न वेगळा. २०२४-२५ च्या हंगामात आधारभूत किंमत ४,८९२ रुपये असताना खुल्या बाजारातील भाव बराच काळ तिच्याखाली राहिला. अशा बाजारात शेतकऱ्यासाठी सरासरीचा नियम असा होतो: रक्कम नव्हे, वजन ठरवावे. मालाचे समान भाग पाडून ठरविलेल्या तारखांना ते विकावेत. याने सर्वोच्च भाव हाती लागणार नाही. सारा माल एकाच पडत्या भावात जाणे मात्र टळते.

अडचण उघड आहे. गरज तारीख पाहून येत नाही. वजन ठरवून विकण्याचे स्वातंत्र्य ज्याच्याजवळ मधल्या काळाचा पैसा आहे त्यालाच असते. राज्य कृषि पणन मंडळाने १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत चालविलेली शेतमाल तारण कर्ज योजना नेमक्या याच ठिकाणी उपयोगी पडते. समितीच्या गोदामात सोयाबीन किंवा तूर ठेवल्यास मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी सहा टक्के व्याजाने मिळू शकते. वीस हजारांची गरज तारण रकमेतून भागते आणि विक्रीचा दिवस गरज नव्हे, शेतकरी ठरवितो. भाव वर गेलाच नाही तर व्याज अंगावर पडते, हेही हिशेबात धरले पाहिजे.

निवृत्त शिक्षक या बाबतीत शेतकऱ्याच्याच रांगेत उभा असतो, हे त्याच्या सहसा लक्षात येत नाही. आयुष्यभर हप्त्याने युनिटे घेताना जे गणित त्याच्या बाजूने होते, तेच दरमहा ठरावीक रक्कम काढू लागताच उलटते. वीस हजार रुपये काढण्यास भाव २० असताना एक हजार युनिटे विकावी लागतात. भाव १० झाला की दोन हजार. पडत्या बाजारात रास दुप्पट वेगाने संपते, आणि पुढे भाव चढला तरी विकून टाकलेली युनिटे परत येत नाहीत. म्हणून निवृत्तीच्या आरंभी दोन-तीन वर्षांच्या खर्चाची रक्कम टपाल कार्यालयात किंवा बँकेत अलग ठेवावी, आणि बाजार पडलेला असेल तेव्हा खर्चासाठी तिला हात घालावा, युनिटांना नव्हे. गोदामातल्या सोयाबीनवर उचललेली तारण रक्कम जे काम करते, तेच काम ही ठेव करते.

हंगामी उत्पन्नाच्या घराने दरमहाचा हप्ता बँकेस लिहून देण्याची घाई करू नये. खात्यात शिल्लक नसली की हप्ता परत जातो व बँक त्याबद्दल आकार लावते. जून ते सप्टेंबर या काळात हे हमखास घडते. सोयाबीनचे व तुरीचे पैसे आल्यावर वर्षातून दोन वेळा, पण दरवर्षी त्याच दोन वेळा व तितकीच रक्कम भरली, तरी सरासरीचे तत्त्व साधते. मात्र त्याआधी पीककर्जाची बाकी फेडलेली असावी आणि पुढच्या पेरणीच्या बियाण्या-खतांचे पैसे बाजूला काढलेले असावेत. सावकाराचे व्याज चालू ठेवून युनिटे घेणाऱ्यास कोणतीही सरासरी तारू शकत नाही.